मंत्रालयाचा अभ्यास कसा करतात?

१३ मे २०२४ रोजी दुपारी उशिरा मुंबईवर धुळीचे वादळ आले. घाटकोपरच्या छेडानगरमध्ये, पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरात फलक कोसळला. पेट्रोल भरायला आलेली आणि वादळापासून आडोसा शोधणारी माणसे त्याखाली सापडली. सतरा जणांचा मृत्यू झाला आणि सत्तरहून अधिक लोक जखमी झाले.

हा फलक १२० फूट रुंद आणि १२० फूट उंच होता. मुंबई महानगरपालिका ४० फूट बाय ४० फुटांहून मोठ्या फलकाला परवानगी देत नसे. विज्ञानाच्या शिक्षकाला येथे लगेच गणित दिसेल. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते, म्हणजे त्याच वेगाच्या वाऱ्याचा फलकावरील जोरही सुमारे नऊपट होतो. शिवाय फलकाचा मध्य जमिनीपासून जितका उंच जाईल तितका, तरफेच्या नियमाने, खांबांच्या बुडाशी येणारा ताण वाढत जातो. फलक का पडला याचे उत्तर शोधायला पदार्थविज्ञान पुरेसे आहे. पाया किती खोल होता, खांब कसे होते, वारा किती होता, एवढे मोजावे लागेल.

पण घाटकोपरात त्यानंतर बरेच दिवस लोक एकमेकांना जो प्रश्न विचारत होते तो वेगळाच होता. महामार्गावरून रोज हजारो माणसे जात असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत एवढा मोठा फलक उभा राहिलाच कसा? जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती आणि परवानगी त्यांच्या कार्यालयातून मिळालेली होती. महापालिकेचे म्हणणे असे की आमची परवानगी घेतलेलीच नाही. रेल्वेशी संबंधित जागेवरील फलकांवर पालिकेचा अधिकार चालतो की नाही, हा वाद तर त्याआधीपासून चालू होता. लोहमार्ग पोलीस राज्याच्या गृह विभागाखाली येतात आणि महापालिकेचा कारभार नगरविकास विभागाशी जोडलेला असतो. हे दोन्ही विभाग मंत्रालयाच्या एकाच इमारतीत बसतात. दुर्घटनेनंतर गुन्हा दाखल झाला, एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची चौकशी समिती नेमण्यात आली.

दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. तो या लेखाचा विषय नाही. आपल्याला येथे त्या प्रश्नाचे दुसरे रूप पाहायचे आहे. सरकारी कचेरीत रोजच्या रोज निर्णय कसे होतात? कोणती गोष्ट कोणाला 'आपली' वाटते आणि कोणती 'त्यांची'? एखादा कागद एका टेबलावर महिनोन्महिने का थांबतो आणि दुसरा दोन दिवसांत चार मजले का चढतो? असे प्रश्न फूटपट्टीने मोजता येत नाहीत. तरीही त्यांचा पद्धतशीर अभ्यास होतो आणि त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. आकड्यांऐवजी माणसांचे बोलणे, वागणे आणि लिहिणे ही त्याची सामग्री असते.

घाटकोपरहून फार लांब न जाता हा फरक दाखवता येईल. गोवंडी स्थानकाच्या परिसरात, देवनारला, दोन नामांकित संस्था शेजारी शेजारी आहेत. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीसारखी प्रचंड सर्वेक्षणे करते. अशी पहिली पाहणी १९९२-९३ मध्ये झाली. किती बालकांचे लसीकरण झाले, किती माता दवाखान्यात बाळंत झाल्या, हे तिच्यातून कळते. जवळच टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९३६ सालची. तेथील विद्यार्थी वस्त्यांत आणि कचेऱ्यांत जाऊन लोकांशी तासन्‌तास बोलायला शिकतात. लस उपलब्ध असूनही एखादी आई बाळाला का आणत नाही, हे त्या बोलण्यातून कळते. 'किती' आणि 'का' हे दोन्ही प्रश्न खरेच आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

कागदावर काय असते

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी आधुनिक कचेरीची जी लक्षणे सांगितली त्यांत लेखी कागदाला फार वरचे स्थान आहे. त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाच्या दरबारात शब्द चालत असे; कचेरीत कागद चालतो. अधिकारी बदलला तरी फाईल राहते, त्यामुळे कारभार एका माणसाच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही.

आपल्या मंत्रालयात हे रोज दिसते. एखादा विषय कार्यासनात सुरू होतो. तेथे टिपणी तयार होते. विषय काय, नियम काय, पूर्वी अशा प्रकरणात काय केले, आता काय करता येईल, असे तिचे साधारण स्वरूप असते. ती कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवाकडे, तेथून उप सचिवाकडे आणि मग सचिवाकडे जाते. पैशाचा प्रश्न असेल तर वित्त विभागाकडे, कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभागाकडे वळसा घेते. शेवटी मंत्र्यांची सही होते आणि शासन निर्णय निघतो. आपण शाळेत ज्याला नुसते 'जीआर' म्हणतो आणि सूचना फलकावर टाचणीने लावतो, तो या प्रवासाचा शेवटचा कागद असतो.

मग फाईल वाचली की सगळे कळेल, असे कोणालाही वाटेल. पूर्वी ती वाचायला मिळत नसे. महाराष्ट्राने २००२ मध्ये माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. २००६ मध्ये टिपण्या त्या कायद्याच्या कक्षेबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा विचार होता. देशभर विरोध झाला आणि तो बारगळला. म्हणून आज सामान्य नागरिकही टिपणी मागू शकतो. ही फार मोठी सोय आहे, यात शंका नाही.

पण जुन्या फायली चाळताना समासात एक शेरा वारंवार भेटतो: 'चर्चा करावी'. इंग्रजीत लिहिणारे साहेब 'प्लीज स्पीक' लिहितात. खालचा अधिकारी फाईल घेऊन वरच्या साहेबांच्या दालनात जातो. दहा मिनिटांनी बाहेर येतो. पुढच्या पानावर लिहिलेले असते, 'चर्चेनुसार सुधारित टिपणी सादर.' त्या दहा मिनिटांत काय बोलणे झाले? कोणता मुद्दा गळाला, कोणता नव्याने आला, कोणाचा दूरध्वनी आला होता? फाईल याबद्दल गप्प आहे. गंमत अशी की निर्णयाने वळण घेतले ते नेमके तेथेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपण लिहिलेले उद्या कोणीही वाचू शकेल हे माहीत असलेला माणूस जपून लिहितो. टिपणी ही घडलेल्या विचाराची हुबेहूब नोंद नसते. पुढे कोणी जाब विचारला तर दाखवता येईल अशी ती मांडणी असते. हा काही लबाडीचा आरोप नाही. आपण मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहितो तेव्हा आपणही तेच करतो.

आत जाऊन बसणे

कागद जेथे थांबतो तेथून पुढचे जाणून घ्यायचे तर माणसांकडे जावे लागते. ह्यू हेक्लो आणि एरन विल्डाव्हस्की या दोन अभ्यासकांनी ब्रिटनच्या अर्थखात्याचा असा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. सरकारी खर्च कसा ठरतो हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी ते मंत्री आणि अधिकाऱ्यांशी बोलत राहिले. त्यांना दिसले ते एक खेडे! सगळे एकमेकांना ओळखतात, कोणाच्या शब्दावर विसंबावे हे ठरलेले असते आणि एकदा पत गेली की ती परत मिळवणे कठीण. खर्चाची मागणी योग्य आहे की नाही याबरोबरच ती कोण करतो आहे यालाही वजन असते. अंदाजपत्रकाच्या आकड्यांत हे कोठेही छापलेले नसते.

अमेरिकेत हर्बर्ट कॉफमन यांनी सहा केंद्रीय खात्यांच्या प्रमुखांचा दिनक्रम जवळून पाहिला. त्यांचे पुस्तक १९८१ चे. खातेप्रमुख म्हणजे सर्वसत्ताधीश, अशी बाहेरची समजूत असते. कॉफमन यांना आढळले की या मंडळींचा फार मोठा वेळ नुसती माहिती मिळवण्यात आणि समजून घेण्यात जातो आणि स्वतःच्या मर्जीने बदल करायला त्यांना फारच थोडी जागा असते. ब्रिटनमध्येच आर. ए. डब्ल्यू. ऱ्होड्स यांनी तीन मंत्रालयांत मंत्र्यांच्या आणि सर्वोच्च सचिवांच्या मागे मागे राहून निरीक्षणे नोंदवली. त्यांतले एक शिक्षण खाते होते. त्यांचे पुस्तक २०११ मध्ये आले. मोठ्या धोरणांची आखणी दिवसभर चालली असेल असे वाटावे, तर तेथे दिसले ते वेगळेच: अनपेक्षित अडचणी निभावून नेणे, चहापाण्याचे आणि शिष्टाचाराचे नियम पाळून ताण हलका ठेवणे, आणि घडलेल्या गोष्टीची 'कथा' कशी सांगायची हे ठरवणे.

आपल्या देशातले काम या बाबतीत मुळीच मागे नाही. उलट आम्हाला ते अधिक रोचक वाटते, कारण येथे कचेरीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गरीब माणूस उभा असतो. अखिल गुप्ता यांनी उत्तर प्रदेशातल्या गट पातळीवरील कचेऱ्यांत दीर्घकाळ काम केले. त्यांचे पुस्तक २०१२ चे. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनासाठी भरलेल्या शिबिराचे वर्णन त्यात आहे. आलेल्या म्हाताऱ्यांकडे जन्माचा दाखला नाही. मग वय ठरणार कसे? अधिकारी अंदाजाने ठरवतात. हे अधिकारी निर्दय नाहीत, त्यांना मदत करायची आहे. तरीही कोणाला पैसे मिळतील आणि कोणाला नाही हे जवळजवळ नशिबावर सोडले जाते. सद्‌हेतू असलेल्या माणसांच्या हातून, नियम पाळूनच, असा मनमानी निकाल कसा निघतो, हा गुप्ता यांचा प्रश्न आहे.

नयनिका माथूर उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, गोपेश्वरच्या सरकारी कचेऱ्यांत बसल्या. त्या वेळी २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची अंमलबजावणी सुरू होत होती. हा कायदा आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेच्या वाटेनेच पुढे गेलेला. त्यात पारदर्शकतेसाठी ओळखपत्रे, हजेरीपत्रके, नोंदवह्या यांची भक्कम तरतूद होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात माथूर दाखवतात की हे कागद नीट तयार करण्यातच कचेरीची शक्ती संपत होती आणि योजना जमिनीवर उतरवणे अवघड होऊन बसले होते. आकड्यांत पाहिले असते तर 'निधी अखर्चित' एवढेच दिसले असते आणि आळशी किंवा भ्रष्ट नोकरशाही असा शिक्का मारून आपण मोकळे झालो असतो. आत बसल्यामुळे कळले की माणसे कामच करत होती, पण ते काम कागदाचे होते.

आता घाटकोपरच्या अगदी शेजारी येऊ. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने गेले की शिवाजीनगर-बैंगनवाडीची वस्ती लागते. महापालिकेने १९७० च्या दशकात आखून वसवलेली ही वस्ती. लिसा ब्योर्कमन यांनी येथे आणि पालिकेच्या जलखात्यात राहून पाण्याचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २०१५ चे. जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे नकाशे अपुरे होते. कोणती झडप किती फिरवली की कोणत्या गल्लीला पाणी चढते, हे ज्ञान अभियंत्यांच्या आणि चावीवाल्यांच्या डोक्यात होते. वरिष्ठ अधिकारी कार्यालयात बसून जो आदेश काढतात तो नळापर्यंत पोहोचेतो किती हातांतून आणि किती अंदाजांतून जातो, हे त्यातून दिसते. निखिल आनंद यांनीही मुंबईच्या पाण्यावर काम केले (पुस्तक २०१७ मध्ये). गळती आणि चोरी वेगवेगळी मोजणे किती कठीण आहे, हे त्यांना अभियंत्यांकडूनच ऐकायला मिळाले. खात्याचा आकडा पाहणाऱ्याला तो आकडा पक्का वाटतो. आकडा बनवणाऱ्याला त्यातला कच्चेपणा माहीत असतो.

मोठ्या साहेबांची मुलाखत

सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याशी बोलणे हे चावीवाल्याशी बोलण्याहून निराळे आहे. पहिली अडचण वेळेची. भेट मिळायला महिना लागतो, मिळते ती वीस मिनिटांची, त्यात सहा दूरध्वनी येतात. (अनुभवी संशोधक या व्यत्ययांना वैतागत नाहीत. साहेब कोणाचा दूरध्वनी उभे राहून घेतात, हेही निरीक्षणच.) दुसरी अडचण अशी की या मंडळींना उत्तरे द्यायची सवय असते. विधिमंडळातल्या प्रश्नांना वर्षानुवर्षे उत्तरे तयार करून दिलेला माणूस आपल्या प्रश्नाला असे उत्तर देईल की त्यात चुकीचे काहीच नसेल आणि उपयोगाचेही काही नसेल.

म्हणून प्रश्न कसा विचारावा याला फार महत्त्व आहे. 'आपल्या विभागात निर्णय पारदर्शकपणे होतात का?' असे विचारले तर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. 'गेल्या आठवड्यात आपल्याकडे आलेली एखादी फाईल घेऊ. ती कोठून आली? आपण तिचे काय केले? कोणाशी बोललात?' असे विचारले की माणूस मते सांगायचे सोडून घटना सांगू लागतो. मते घोटलेली असतात, घटनांना कंगोरे असतात.

तिसरी अडचण नियमांची. सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा अजून आहे. अखिल भारतीय सेवांसाठी १९६८ चे आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. अधिकारी मोकळेपणाने बोलला तर त्याचे नुकसान होऊ शकते. संशोधक नाव न छापण्याचे वचन देतो. पण गावातल्या शंभर शेतकऱ्यांपैकी एकाचे नाव लपवणे सोपे. राज्यात शालेय शिक्षण विभागाचा सचिव एका वेळी एकच असतो. साल आणि विभाग छापला की नाव छापल्यासारखेच झाले. त्यामुळे कित्येकदा विभागही लपवावा लागतो आणि मग वाचकाला पडताळा पाहणे अवघड जाते. संशोधनाची विश्वासार्हता आणि बोलणाऱ्याची सुरक्षितता यांची ही ओढाताण पूर्णपणे सुटत नाही. आमच्या मते अशा वेळी बोलणाऱ्याची बाजू आधी सांभाळावी.

निवृत्त अधिकारी मोकळे असतात. माधव गोडबोले यांनी केंद्रीय गृहसचिव असताना १९९३ मध्ये मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि १९९६ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या. अशा आठवणी संशोधकाला मोलाच्या असतात, पण त्या एकाच खुर्चीतून दिसलेल्या असतात. त्याच बैठकीत समोर बसलेल्या माणसाने पुस्तक लिहिलेले नसते.

मग हे शास्त्र कसे?

वर्गात हुशार विद्यार्थी विचारतोच: दहा माणसांशी बोलून काय सिद्ध होते? शंका रास्त आहे. दहा माणसांशी बोलून 'किती टक्के' हे सिद्ध होत नाही आणि तसा दावा करणारा गुणात्मक संशोधक चुकीचे काम करतो. पण एक उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि विलंब-प्रतिबंधाचा कायदा आहे. त्यानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये. तातडीच्या फायलींना मुदत याहूनही कमी. आता आपण नोंदवही तपासली आणि बहुतेक फायली सहा दिवसांत पुढे गेल्याचे दिसले. कायदा यशस्वी झाला का? कदाचित झाला असेल. कदाचित सहाव्या दिवशी एक किरकोळ त्रुटी काढून फाईल खाली परत जात असेल आणि तिचे दिवस नव्याने मोजले जात असतील. दोन्ही प्रकारांत नोंदवहीतला आकडा सारखाच. कोणता प्रकार आहे हे कळायला त्या टेबलाजवळ बसावे लागेल. आकडा काय मोजतो आहे, हेच आधी समजायला हवे.

आणि पडताळणीची शिस्त येथेही असते. एकच घटना तीन बाजूंनी ऐकतात: वरच्या साहेबांकडून, टिपणी लिहिणाऱ्याकडून आणि शक्य असेल तर बाहेर ताटकळलेल्या अर्जदाराकडून. ते कागदाशी जुळवून पाहतात. जुळले नाही तर सोडून न देता तेथेच अधिक खोदतात. नव्या मुलाखतींतून नवे काही निघेनासे झाले की थांबतात. आपल्या निष्कर्षाला धक्का देणारे उदाहरण मुद्दाम शोधतात. आणि मी कोण आहे, कोणाच्या ओळखीने आत आलो, म्हणून मला काय सांगितले गेले नसेल, हेही लिहून ठेवतात. प्रयोगशाळेत तापमापकाची त्रुटी नोंदवतात, तसेच हे.

नोंदी किती जपाव्यात याची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. एम. एन. श्रीनिवास या थोर समाजशास्त्रज्ञांच्या म्हैसूरजवळील एका खेड्यावरच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यांनी मग बरेचसे आठवणीतून लिहिले आणि १९७६ मध्ये आलेले ते पुस्तक अभिजात ठरले. कचेरीलाही असा प्रसंग येतो. २१ जून २०१२ रोजी आपल्या मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर पसरली. माणसे दगावली, असंख्य फायली जळाल्या. अनेक प्रकरणे इतर कार्यालयांतल्या प्रतींवरून पुन्हा उभी करावी लागली. कागदावर चालणारी यंत्रणा अशा वेळी कशावर चालते, कोणाच्या स्मरणाला एकाएकी किंमत येते, हा संशोधनाचा उत्तम विषय आहे.

शिक्षकांच्या जिव्हाळ्याचे एक काम शेवटी सांगायला हवे. यामिनी अय्यर आणि श्रयना भट्टाचार्य यांनी शिक्षण खात्याच्या गट पातळीवरील अधिकाऱ्यांचा अभ्यास केला आणि २०१६ मध्ये मांडला. त्यांनी मुलाखती घेतल्याच, पण दिवसाचा वेळ कशात जातो याच्या नोंदीही ठेवल्या. हे अधिकारी स्वतःला काय म्हणवत होते? टपाल कचेरी. वरून आलेले खाली द्यायचे, खालून आलेले वर पाठवायचे. शाळेत जो अधिकारी येतो तो आपल्याला सरकार वाटतो. त्याला स्वतःला मात्र आपण नुसते पोस्टमन आहोत असे वाटते! अक्षय मंगला यांनी २०२२ च्या पुस्तकात उत्तर भारतातल्या काही राज्यांची तुलना केली. कायदे, पदे, नियम जवळपास सारखे. तरी हिमाचल प्रदेशात प्राथमिक शिक्षण पुढे गेले आणि उत्तर प्रदेशात रखडले. त्यांच्या मते फरक आहे तो अलिखित रीतीत. एकीकडे अधिकारी अडचण आली की आपसांत आणि गावकऱ्यांशी बोलून वाट काढतात, दुसरीकडे नियमाच्या शब्दाला चिकटून राहतात. छेडानगरच्या फलकाबाबत 'ही जागा आमच्याकडे येत नाही' हे वाक्य किती कचेऱ्यांत, किती वेळा उच्चारले गेले असेल, असा विचार हे वाचताना आमच्या मनात आला.

आपल्या शाळेतून

नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना याची चव देता येईल. मंत्रालयात जायची गरज नाही. घाटकोपर पूर्वेला स्थानकाजवळ महापालिकेच्या 'एन' विभागाचे कार्यालय आहे. इतर ठिकाणी तहसील कचेरी, पंचायत समिती, टपाल कार्यालय चालेल. एखादा साधा अर्ज निवडावा, जन्मदाखल्याचा म्हणा. तो कोणत्या खिडकीत शिरतो, किती टेबलांवर जातो, कोठे थांबतो, याचा नकाशा विद्यार्थ्यांनी काढावा. एक गट कचेरीतला फलक आणि छापील नियम पाहून नकाशा काढील, दुसरा गट कर्मचाऱ्यांना विचारून, तिसरा गट रांगेतल्या लोकांना विचारून. तिन्ही नकाशे शेजारी लावले की ते जेथे जुळत नाहीत तेथून चर्चा सुरू करावी.

जाण्यापूर्वी कार्यालय प्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी आणि दोन-दोन विद्यार्थीच पाठवावेत. न विचारता मोबाईलवर आवाज मुद्रित करू नये, छायाचित्र घेऊ नये. वहीत नावाऐवजी 'टेबल १', 'टेबल २' असे लिहावे. रांगेतल्या माणसाचा अर्ज वाचू नये. तो त्याचा खाजगी कागद आहे. जेवणाच्या सुट्टीत जाऊ नये, मात्र सुट्टी संपताना जरूर जावे, कारण त्या वेळी कर्मचारी आपसांत कामाविषयी बोलतात. वहीत जे ऐकले ते आणि जे वाटले ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सवय लावावी. हे सर्वांत अवघड जाते, मोठ्यांनाही. आणि शिपायाला विचारायला विसरू नये. कोणती फाईल कोणत्या कपाटात किती दिवस आहे, हे बहुधा त्यालाच ठाऊक असते.